भूकर्णाचा आवाज

आंबेघोळच्या भोंग्यातून पहिल्यांदा धोक्याची सूचना आली, तेव्हा गावाला आधी हसूच फुटलं.

"घाबरू नका," भोंगा म्हणाला, "हातातलं काम ठेवा आणि शाळेकडे चला." आवाज बाईचा होता. संथ, मायेचा, थोडा खर्जातला. गावातल्या पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या तो ओळखीचा होता. 'तिमिरयान' नावाची परदेशी चित्रपटांची एक मालिका मराठीत आली होती आणि घराघरात मोबाइलवर पाहिली गेली होती. तिच्यात अंतराळयान चालवणारा 'मातृका' नावाचा संगणक होता. मातृका प्रवाशांना 'लेकरांनो' म्हणायची, अंगाई गायची आणि मग त्याच मायेनं सांगायची, "घाबरू नका लेकरांनो, दारं मी बंद केली आहेत." त्यानंतर यानातली हवा संपायची.

तर धोक्याची सूचना देणारा आवाज हा असा, मातृकेचा.

तो होता वैजयंती रणदिवे यांचा. वैजयंतीबाई मुंबईच्या स्टुडिओंतून गेली तीसेक वर्षं परदेशी चित्रपटांना मराठी आवाज देत होत्या. राण्या, चेटकिणी, परग्रहावरच्या आया, सगळं त्यांनी बोलून झालं होतं. पण त्यांचं नाव झालं ते विज्ञानपटांमुळे. त्या चित्रपटांच्या वाटा त्यांना पाठ होत्या. गोड बोलणारं यंत्र उलटणार. धावत आलेल्या शास्त्रज्ञाचं कोणी ऐकणार नाही. एक म्हातारा 'तुम्ही जा, मी इथंच थांबतो' म्हणणार आणि मरणार. पहिलं वाक्य बोलतानाच त्यांना कळायचं की हे पात्र शेवटपर्यंत टिकतंय की नाही.

त्यांची मुलगी मृण्मयी भूभौतिकी शिकली होती. आईचा एकही चित्रपट तिनं पाहिला नव्हता. लहानपणी आई घरी नसायची ती या चित्रपटांपायी, एवढंच तिला त्यांच्याबद्दल ठाऊक होतं. पुढे ती डोंगरांच्या मागे लागली आणि तिच्या गटानं 'भूकर्ण' तयार केला.

भूकर्णाची कल्पना साधी होती. गावोगावी इंटरनेटसाठी जमिनीखालून काचेच्या तंतूंच्या केबली गेलेल्या असतातच. अशा तंतूत लेसरचा एक ठोका सोडला, तर काचेतल्या बारीक दोषांवर आपटून थोडा प्रकाश मागे परततो. केबलीभोवतीची माती केसभर जरी ताणली गेली, तरी परतणाऱ्या प्रकाशाची नक्षी बदलते, आणि ती कुठे बदलली हेही कळतं. म्हणजे डोंगरातून गेलेली केबल हा एका ओळीत मांडलेल्या हजारो कानांचा हार. डोंगर घसरण्याआधी कुरकुरतो. मुळं तुटतात, दगड दगडावर घासतो, माती आतल्या आत सरकते. माणसाला ते ऐकू येत नाही, पण भूकर्णाला येतं, आणि आधी घसरलेल्या डोंगरांच्या नोंदींवरून तो धोका किती आहे ते आकड्यात सांगतो.

डोंगराखालच्या आंबेघोळला भूकर्ण बसवायचं ठरलं, तेव्हा गावाला सूचना द्यायला आवाज हवा होता. प्रयोगशाळेत बऱ्याच आवाजांची चाचणी झाली. वैजयंतीबाईंचा आवाज ऐकताना लोकांची छाती सगळ्यांत कमी धडधडत होती, म्हणून तो निवडला गेला. त्यांच्या आवाजाचा नमुना घेतला आणि पुढचं यंत्र स्वतःच बोलू लागलं. विज्ञानपट पाहणारं आवाज निवडणाऱ्या समितीत कोणीच नव्हतं.

जुलैतल्या त्या पहिल्या सूचनेला हसत हसत का होईना, गाव उठलं होतं. सरपंच यशवंत उतेकर सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. शिस्तीचा माणूस. त्यांनी घराघरातून माणसं बाहेर काढली आणि पूल ओलांडून नदीपलीकडच्या शाळेत नेली. शाळा खडकाळ माळावर होती, तिथे धोका नव्हता. पण डोंगर काही हलला नाही. लावणीचे ऐन दिवस वाया गेले, आणि परतल्यावर लोक उतेकरांना 'मातृकेचा सुभेदार' म्हणू लागले. त्यांना ते फार लागलं. त्यांनी मृण्मयीला एवढंच सुनावलं की धोका टळला तर निदान टळल्याचं तरी ताबडतोब सांगत जा, माणसं उगाच अडकून पडतात. तिला ते पटलं. आकडा ठरावीक रेषेखाली आला की 'धोका टळला' असं भोंग्यानं आपणहून सांगावं, अशी सोय तिनं करून टाकली.

गौरी-गणपतीला मृण्मयी यंत्रणा तपासायला आंबेघोळला आली, तेव्हा वैजयंतीबाईही बरोबर आल्या. शाळेच्या आवारात भूकर्णाची पत्र्याची खोली होती, तिथेच दोघी उतरल्या. पाऊस आठवडाभर कोसळून दोन दिवसांपूर्वी थांबला होता. ऊन पडलं होतं. मुंबई-पुण्याचे चाकरमानी घरी आल्यानं गाव भरलेलं होतं. गौरीपूजनाच्या दिवशी दुपारी नदीपलीकडून भाजणीच्या वड्यांचा वास येत होता आणि खोलीतल्या पडद्यावर आकडा चढत होता.

मृण्मयीनं दोनदा तपासून पाहिलं. मग भोंगा बोलला, "घाबरू नका. हातातलं काम ठेवा आणि शाळेकडे चला." पलीकडून पोरांनी एका सुरात उत्तर दिलं, "दारं मी बंद केली आहेत!" आणि मोठ्यांचं हसणं पाण्यावरून इकडे आलं. बाहेर कोणी पडलं नाही.

मृण्मयी लॅपटॉप उचलून निघाली. लोकांना आलेख दाखवणार होती. पाऊस थांबला तरी पाणी मुरुमातून खाली झिरपत राहतं, खालच्या काळ्या खडकाशी अडतं आणि तिथला दाब पुढचे कित्येक दिवस वाढतच जातो, हे समजावून सांगणार होती. निरभ्र आकाशाखालीच डोंगर कसे दगा देतात, तेही.

वैजयंतीबाई दारात आडव्या आल्या. त्या म्हणाल्या, "मृण्मयी, हा प्रसंग मी किती वेळा बोललेय तुला माहीत नाही. शास्त्रज्ञ धावत येतो, आकडे दाखवतो, ओरडतो. लोक हसतात. मग डोंगर पडतो आणि शास्त्रज्ञ खरा ठरतो. त्याला खरं ठरवायला माणसं मरावी लागतात."

"मग मी काय करू? गप्प बसू?"

"सांग ना. पण खरं ठरायला जाऊ नकोस. त्यांना न्यायला जाऊया."

दोघी पूल ओलांडून गेल्या. उतेकरांच्या अंगणात पाहुण्यांची पंगत बसली होती. मृण्मयीनं शांतपणे सांगितलं की भूकर्णाच्या मते उद्यापर्यंत डोंगर खाली येण्याची शक्यता दहात सात आहे. उतेकर म्हणाले की जुलैत ती दहात सहा होती. ती म्हणाली, हो, होती.

तेव्हा वैजयंतीबाई पुढे झाल्या. आपण कोण हे त्यांनी सांगितलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, "घाबरू नका लेकरांनो, दारं मी बंद केली आहेत." पंगतीतले हात थांबले. पोरं ओसरीवरून धावत आली. मग बाईंनी आपल्या नेहमीच्या आवाजात बोलणं सुरू केलं. मातृका म्हणजे मीच, त्या म्हणाल्या, आणि भोंग्यातही मीच आहे. यंत्र जुलैत चुकलं तसं आजही चुकू शकेल. चुकलं तर उद्या मी याच अंगणात येऊन उभी राहीन, मग तुम्ही मला वाटेल तेवढं बोला. आणि तुम्ही नाही निघालात, तर मी आज इथंच मुक्काम करते.

मृण्मयीनं आईकडे चमकून पाहिलं. हे काही ठरलेलं नव्हतं.

लोक जरा हलले, पण अडचण वेगळीच होती. देव बसलेले होते. एकदा बसवलेली मूर्ती विसर्जनाआधी हलवायची नाही, आणि देवांना एकटं सोडून जायचं तर त्याहून नाही. म्हातारे अडून बसले. एव्हाना उतेकरांची आई, कमळाआई, माजघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"गौर कोण हाय आपली?" ती म्हणाली. "म्हायेरवाशीण ना? लेक म्हायेरी आल्यावर धोक्याच्या घरात कोन ठेवतं तिला? मी माज्या गौरीला घेऊन चालले. आई निगाली की गणपती काय मागं ऱ्हाणार हाय?"

आणि ती आत जाऊन गौरीचा मुखवटा पदराखाली घेऊन बाहेरही आली.

मग मात्र गाव निघालं. उतेकरांनी सैन्यात असल्यासारखा आवाज लावला. ढोलकी निघाली, झांजा निघाल्या. ज्यांना भीतीनं पळणं कमीपणाचं वाटत होतं ते देवांच्या मिरवणुकीत पुढे नाचू लागले. डोक्यावर गणपती, हातात गौरी, मागे गुरंढोरं, नैवेद्याची पातेली, असं सगळं पुलावरून पलीकडे चाललं.

शेवटी उरले भिकूनाना. नव्वदी ओलांडलेले, अंथरुणाला खिळलेले. पोरांनी खाट उचलायला हात लावला तर त्यांनी काठी उगारली. "तुमी जावा," ते म्हणाले. "माजं काय ऱ्हायलंय आता? मी हितंच थांबतो."

हे वाक्य कानावर पडलं तशा वैजयंतीबाई त्यांच्या खाटेच्या कडेला टेकल्या. म्हणाल्या, ठीक आहे नाना, मग मीही थांबते. नानांनी समजावलं, दटावलं, पण बाई हलल्या नाहीत. दारात मृण्मयी उभी होती, तिचा चेहरा उतरला होता. नानांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे.

"ही लेक का तुमची?"

"हो."

"आन् तिच्यासमोर हितं मरायला बसलाव?" नाना चिडून म्हणाले. "कसली आई म्हनायची ही! उचला रं खाट. ही बाय मला सुखानं मरू द्यायची न्हाय."

देवाच्या पालखीचे दांडे खाटेला बांधून नानांना नेलं. दिवेलागणीला शाळेत आरती झाली तेव्हा डोंगराखाली एकही माणूस उरलं नव्हतं.

सकाळ उजाडली ती स्वच्छ. डोंगर हिरवागार, जागच्या जागी. लोक शाळेच्या नळावर दात घासत त्याच्याकडे पाहत होते आणि मग उतेकरांकडे पाहत होते. खोलीत मृण्मयी पडद्यासमोर बसली होती. आकडा खाली येत होता, डोंगराच्या वरच्या भागातली कुरकुर एकाएकी थांबली होती. भूकर्णाच्या हिशेबी कुरकुर नाही म्हणजे धोका नाही. तिला ते बरं वाटत नव्हतं, पण कशामुळे ते सांगता येत नव्हतं. केबलीतली थरथर आवाजात बदलून ऐकायची सोय होती. तिनं हेडफोन काढून आईपुढे धरला.

"आई, तुझे कान माझ्यापेक्षा तयार आहेत. जरा ऐकतेस? वरचा भाग शांत झालाय. मला ही शांतता आवडत नाहीये."

वैजयंतीबाईंनी डोळे मिटून ऐकलं. मुलीनं आपल्या कामातलं काही विचारण्याची ही पहिलीच वेळ, हे त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्या म्हणाल्या, "खालचा भाग लाव." तिनं लावला. "आता परत वरचा."

"काय?"

"खालचा भाग शांत आहे, पण रिकाम्या स्टुडिओसारखा. कोणी बोलत नसलं तरी खोलीची स्वतःची गाज असते. वरच्या भागात ती गाजच नाही. ही शांतता नाही मृण्मयी, तो माइक बंद आहे."

मृण्मयीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिनं घाईघाईनं परतणाऱ्या प्रकाशाचं मोजमाप काढलं. केबल तुटलेली नव्हती, म्हणून यंत्राला काही वावगं दिसलं नव्हतं. पण वरच्या भागात ती मातीतून सुटून मोकळी लोंबत होती. तिच्या भोवतालची माती खाली सरकून गेली होती. डोंगर गप्प झालेला नव्हता, त्याच्या अंगावरचा कान गळून पडला होता. म्हणजे धोका कमी होण्याऐवजी कितीतरी वाढला होता.

तिनं भोंगा थांबवायला हात पुढे केला तोवर आकडा रेषेखाली गेला होता.

"धोका टळला आहे," माळावर वैजयंतीबाईंचा आवाज घुमला. "आता घरी जायला हरकत नाही."

एकच जल्लोष झाला. बायांनी पातेली उचलली, माणसं गुरं सोडू लागली, काहीजण पुलाच्या वाटेला लागलेसुद्धा. वैजयंतीबाई अनवाणी बाहेर धावल्या आणि पुलाच्या तोंडाशी, भोंग्याच्या खांबाखाली जाऊन उभ्या राहिल्या. भोंगा पुन्हा बोलला, "आता घरी जायला हरकत नाही," आणि त्याच आवाजात, त्याच्याखाली उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "जाऊ नका."

गर्दी थबकली. मुंबईहून आलेला महेंद्र जाधव नावाचा तरुण पुढे होता. त्यानं विचारलं, "काकी, आम्ही ऐकायचं कुणाचं? वरती पण तुम्हीच, खाली पण तुम्हीच."

मृण्मयीनं तोवर भोंगा बंद केला होता. बाईंना धाप लागली होती.

"आवाज माझाच आहे," त्या म्हणाल्या. "पण त्याच्यामागे कुणी नाही. तुम्ही गेलात आणि काही झालं, तर त्या भोंग्याला कळणारसुद्धा नाही. मला कळेल. जन्मभर कळत राहील." मग केबल कशी सुटली आहे ते त्यांनी मुलीला सांगायला लावलं. मृण्मयीनं आलेख वगैरे काढला नाही. डोंगराचा वरचा भाग केबलीखालून निघून गेलाय, ती म्हणाली, यंत्र तिथलं काही ऐकूच शकत नाहीये. चूक यंत्राची आहे, आणि टळल्याचं असं आपोआप सांगायची सोय माझी आहे.

लोक उतेकरांकडे पाहू लागले. जुलैत ते एकदा तोंडघशी पडले होते. आता पुन्हा पडायचं होतं की नाही, हे त्यांचं त्यांना ठरवायचं होतं. त्यांनी एकदा डोंगराकडे पाहिलं. मग सावकाश चालत पुलाच्या तोंडाशी आले आणि बाईंच्या शेजारी, रस्त्याच्या मधोमध, मांडी घालून बसले.

"मला काय म्हनायचं ते म्हना," ते म्हणाले. "ज्याला जायचं त्यानं मला ओलांडून जावं."

सुभेदाराला ओलांडून कोण जाणार? थोडी कुरबुर झाली. मग कमळाआई हळूहळू आली आणि मुलाशेजारी बसली, आणि तिच्यामागून बाया बसल्या. महेंद्रनं गुरं वळवली.

दुपारच्या नैवेद्याची तयारी चालू असताना डोंगर आला.

आधी आवाज नव्हताच. वरची झाडं उभीच्या उभी चालू लागली, जणू रांगेनं खाली निघाली आहेत. मग डोंगराची कूस उसवली आणि आतली लाल माती दिसली, आणि तेव्हा कुठे तो आवाज पोहोचला. पायाखालचा खडक थरथरला. घरं, गोठे, माड, देवळाचा कळस, सगळं त्या लाल लोंढ्यात शिरलं आणि दिसेनासं झालं. लोंढा नदीत घुसला, पाणी भिंतीसारखं उभं राहिलं, पुलाचा पलीकडचा भाग काडीसारखा मोडला. पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी बसलेल्या माणसांच्या अंगावर फक्त चिखलाचे शिंतोडे उडाले.

गडगडाट थांबला. मग उतेकर उठले, त्यांनी टोपी नीट केली आणि एकेका घराचं नाव पुकारायला सुरुवात केली. प्रत्येक नावाला ओ येत गेली. जाधवांची सगळी. सकपाळांची सगळी. मोऱ्यांची सगळी, पाहुण्यांसकट. पुकारता पुकारता त्यांचा आवाज चढत गेला, ओ देणाऱ्यांचाही चढत गेला आणि शेवटचं घर झालं तेव्हा अख्खा माळ ओरडत होता. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. घरं गेली म्हणून रडत होती, आणि रडता रडता हसत होती. कोणीतरी ढोलकीवर थाप मारली. भिकूनाना खाटेवरून ओरडत होते, "मला उचलून धरा, मला काय दिसत न्हाय!"

मृण्मयी आईच्या खांद्यावर डोकं टेकून उभी होती. ती म्हणाली, "आई, तुझा एखादा चित्रपट दाखव ना मला."

"पुढं काय होणार ते मी आधीच सांगून टाकेन," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"सांग. चालेल मला."

त्यानंतर भूकर्णात बरेच बदल झाले. कुठे काही ऐकू येत नसेल तर 'मला ऐकू येत नाही' असं तो आता सरळ सांगतो. धोका टळल्याची सूचना मात्र माणूसच देतो. आणि कुठल्याही गावात भोंग्यातून परका आवाज येत नाही. ज्या गावाचा भोंगा, त्या गावातल्याच माणसाचा आवाज. नव्या आंबेघोळच्या भोंग्यात कमळाआई बोलते, आणि तिचं ऐकलं नाही असं अजून कोणाच्या हातून झालेलं नाही.

हे नवं आंबेघोळ माळावर वसल्यानंतर एका चित्रपट कंपनीचा लेखक तिथे आला. त्याला या घटनेवर चित्रपट करायचा होता. चार दिवस राहिला, सगळ्यांशी बोलला. शेवटच्या दिवशी उतेकरांच्या ओसरीवर त्यानं आपली अडचण मांडली. गोष्ट जबरदस्त आहे, पण यात कोणी मरत नाही. प्रेक्षकांना रडायला काहीतरी हवं. त्याचं म्हणणं होतं की नानांना मागे थांबवावं. सगळं गाव पुढे जातंय, नाना खाटेवरून हात हलवताहेत आणि वरून डोंगर येतोय.

वैजयंतीबाई त्या दिवशी तिथेच होत्या. त्या काही बोलणार होत्या, पण गप्पा ऐकायला खाटेसकट तिथे आलेल्या नानांनी हातानंच त्यांना थांबवलं आणि काठीला धरून अर्धवट उठून बसले.

"मला मारायचं आसंल तर आदी डोंगराला इचारून या," ते म्हणाले. "त्याला न्हाय जमलं, तुमाला कसं जमंल?"